जुन्या जीपची दूरच्या प्रवासासाठी सज्जता

उन्हाळा जवळ येऊ लागला की वाचकांच्या पत्रांतून एक प्रश्न हटकून येतो, आणि विचारणाऱ्यांचे वय, व्यवसाय व गाव निरनिराळे असले तरी त्याचा गाभा एकच असतो: वडिलांच्या काळातील महिंद्राची जीप, अथवा सैन्याच्या लिलावातून वा एखाद्या बागायतदाराकडून घेतलेली मारुती जिप्सी दारात उभी आहे, येत्या मोसमात तिला घेऊन लडाखला जाण्याचा संकल्प आहे, तर तिच्यात कोणते बदल करून घ्यावेत, त्यांपैकी कायद्याला मान्य कोणते, आणि खर्चाला आरंभ कोठून करावा?

प्रश्न रास्त आहे आणि त्यामागील संभ्रमही समजण्याजोगा आहे. कारण बाजारात जे विकले जाते ते जोडण्याचे सामान असते, आणि जुन्या गाडीला दूर नेण्यासाठी जे करावे लागते ते बहुतांशी दुरुस्तीचे काम असते, जे बाहेरून दिसत नाही आणि ज्याची छायाचित्रे कोणी काढीत नाही. म्हणून सांगावयाचे ते प्रारंभीच सांगतो. आपल्या अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा गाडी तिच्या मूळ, निर्दोष स्थितीस आणण्यावर खर्च करावा. जी भर घालायची ती थोडी असावी, नटबोल्टांनी बसविलेली असावी आणि परतल्यावर उतरवून ठेवता यावी. यंत्र आणि कायदा या दोहोंचा कौल याच बाजूस पडतो, हे पुढील तपशिलावरून आपल्या ध्यानात येईल.

प्रथम मार्ग ठरवा

मार्ग निश्चित होण्यापूर्वी गॅरेजची पायरी चढू नये. मनाली-लेह रस्ता सर्वसाधारणपणे मेअखेर किंवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला असतो. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा वाहतुकीस खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टळली असली, तरी पुढे बारालाचा, लाचुंगला आणि टांगलांगला या खिंडी आहेतच, आणि त्यांतील टांगलांगला ५,३०० मीटरांहून उंच आहे. जुनी गाडी घेऊन जाणाऱ्यांनी श्रीनगर, झोजीला, कारगिल या वाटेने चढावे आणि मनालीच्या वाटेने उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. झोजीला साडेतीन हजार मीटरांच्या आसपास, फोतूला ४,१०० मीटरांच्या आसपास, अशी उंची क्रमाक्रमाने अंगावर येते आणि माणसांना व इंजिनाला दोघांनाही जुळवून घेण्यास अवधी मिळतो.

या परतीच्या वाटेवर लेहजवळचे कारू सोडल्यापासून लाहौलमधील तंडीपर्यंत सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरांत पेट्रोल पंपाचा भरवसा धरू नये. जिप्सीची टाकी ४० लिटरांची आहे आणि भरलेली जुनी जिप्सी घाटात लिटरला आठ किलोमीटर गेली तरी समाधान मानावे, हे लक्षात घेतले म्हणजे जादा इंधन किती लागेल याचा हिशेब आपोआप होतो.

दुसरी बाब दिल्लीची. राष्ट्रीय राजधानी परिक्षेत्रात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांनी बंधने आली असून त्यांच्या अंमलात वेळोवेळी फेरफार होत आले आहेत. त्या परिक्षेत्रात हरियाणाचे आणि राजस्थानचेही काही जिल्हे मोडतात. महाराष्ट्रातून निघणाऱ्यांनी अहमदाबाद, जोधपूर, बिकानेर, श्रीगंगानगर, अमृतसर, पठाणकोट असा पश्चिमेचा मार्ग धरला तर हा प्रश्नच उपस्थित होत नाही.

गाडी मूळ स्थितीस आणा

या कामाला निदान चार महिने हाताशी ठेवावेत. कारण जुन्या गाडीचा एक भाग उघडला की त्याच्या शेजारचा झिजलेला भाग दृष्टीस पडतो, आणि तो मिळविण्यासाठी कधी पुण्याची नाना पेठ, कधी कुर्ल्याचा बाजार, तर कधी दिल्लीचे काश्मिरी गेट गाठावे लागते. कामाचा अनुक्रम पुढीलप्रमाणे असावा.

- चासी. सर्व अंग धुऊन, गाडी वर घेऊन, चासीला कोठे तडा, गंज किंवा जुना वेल्डिंगचा सांधा आहे काय हे पाहावे. पाट्यांचे हँगर आणि स्टिअरिंग बॉक्स जेथे बसतो त्या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात. चासी सदोष निघाली तर प्रवासाचा बेत एक वर्ष पुढे ढकलावा.
- ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी होज सरसकट नवे घालावेत. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते, दीर्घ उतारावर ते तापून त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल एकाएकी पोकळ होते. म्हणून ते संपूर्ण बदलावे. आपल्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर उंचीवर त्याचे साहाय्य कमी होते, हेही चालकाने आधीच जाणून असावे.
- स्टिअरिंग आणि चाके. किंग पिन, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस. यांत जेथे खेळ असेल तेथे दुरुस्तीऐवजी बदल करावा.
- पाटे. बसलेले पाटे भट्टीत देऊन कमान काढून घेण्याचा शिरस्ता आहे. परंतु मुख्य पान तरी नवे घ्यावे. बुश, शॅकल, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट बदलावेत, आणि पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.
- फोर बाय फोर. पुढचा अॅक्सल वर्षानुवर्षे न वापरल्याने त्यातील तेल पाणी झालेले असते आणि सील कडक झालेले असतात. जिप्सीचे हातांनी फिरवायचे लॉकिंग हब मोकळे फिरतात की नाही हे घरीच पाहावे. दोन्ही डिफरन्शिअलचे ब्रीदर साफ करून त्यांना लांब नळी जोडून बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावी, म्हणजे ओढ्याचे पाणी आत शिरणार नाही.

थंडाव्याच्या व्यवस्थेचा विचार मी मुद्दाम स्वतंत्र करतो. कारण उंचीवर हवा थंड असल्याने इंजिन तापणार नाही, हा समज फार रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. पाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याच्या जवळ उतरतो आणि तेथे उघडे पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब टिकवून धरते म्हणूनच इंजिनातील पाणी उकळत नाही. त्या झाकणाची स्प्रिंग थकलेली असेल तर मुंबईत कधीही न तापलेली गाडी मोरे मैदानापलीकडच्या चढणीवर वाफ सोडू लागते. नवे झाकण, नवा थर्मोस्टॅट, सर्व होज आणि बेल्ट नवे, रेडिएटरचा कोअर साफ, आणि कूलंट व शुद्ध पाणी समप्रमाणात, एवढी तजवीज थोडक्या खर्चात होते. आणि कोणतेही दिवे वा विंच घेण्याआधी हा खर्च करावा.

त्याच विरळ हवेमुळे कार्ब्युरेटरच्या जिप्सीत पेट्रोलाचे प्रमाण हवेच्या मानाने अधिक होते, काळा धूर येतो आणि शक्ती घटते. लहान जेट सोबत नेऊन ते तेथे बदलणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. परतताना सखल प्रदेशात मूळ जेट पुन्हा घालावाच, नाहीतर इंजिन कोरडे पडून तापते. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल जीपलाही धूर आणि अशक्तपणा चुकत नाही. तेथे पंपाचे पेच फिरविण्याची घाई न करता खालच्या गिअरवर संथपणे चढावे.

जुन्या पेट्रोल गाड्यांना आता आणखी एक अडचण आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि कार्ब्युरेटरच्या काळातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा व गॅस्केटे त्याने फुगतात अथवा चिरतात. इंधनाची संपूर्ण वाहिनी इथेनॉलला टिकणाऱ्या नळीने बदलून घ्यावी, टाकी आतून गंजलेली असल्यास साफ करून घ्यावी आणि दोन जादा फिल्टर जवळ बाळगावेत.

वजनाचा हिशेब कागदावर मांडा

या विषयाकडे जितके दुर्लक्ष होते तितके अन्य कशाकडेही होत नाही. जिप्सी स्वतः सुमारे एक टन वजनाची आणि तिची भारक्षमता सुमारे ५०० किलो, म्हणजे माणसे, सामान आणि आपण बसविलेली प्रत्येक पट्टी यांची बेरीज त्या आकड्यात बसली पाहिजे. चार माणसांचे २८० किलो. ३० लिटर पेट्रोल डब्यांसह ३० किलोंच्या वर. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. हत्यारे आणि सुटे भाग ४०. दुसरी स्टेपनी २५. तंबू, भांडी आणि कपडे ८०. छतावरचे लोखंडी कॅरिअर ३५. एवढ्यातच पाचशेची मर्यादा ओलांडली गेली आहे, आणि अद्याप विंच व लोखंडी बंपर यांचे सुमारे ८० किलो धरावयाचे आहेत.

यावर उपाय दोनच: माणसे दोन किंवा तीन न्यावीत, अथवा सामान कमी करावे. पाटे जाड करून भारक्षमता वाढत नाही; अॅक्सल, ब्रेक, बेअरिंग आणि चासी पूर्वीचीच राहतात, आणि वाढते ती फक्त आपली समजूत. जड वस्तू तळाशी, दोन अॅक्सलांच्या मध्ये ठेवाव्यात. छतावर तंबू, गाद्या यांसारखे हलके सामानच असावे, कारण आखूड आणि उंच बांध्याची ही वाहने वळणावर आधीच अस्थिर असतात. सामान भरून झाल्यावर गाडी भुईकाट्यावर न्यावी, पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

कोणती भर घालावी

टायर हा एकच बदल असा आहे की ज्याने गाडीच्या वर्तनात तत्काळ फरक पडतो. मूळ मापाचे, परंतु खडकाळ व डांबरी दोन्ही रस्त्यांना चालणाऱ्या नक्षीचे, नव्या उत्पादनाचे पाच टायर घ्यावेत. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. मोठे माप घेण्याचा मोह आवरावा. २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर चाकाचा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, वेगदर्शक ६० दाखवीत असताना गाडी ६६ ने धावत असते, गिअरांची ओढ घटते आणि ब्रेकांवरचा ताण वाढतो. विरळ हवेने आधीच क्षीण झालेल्या इंजिनावर हा आणखी एक भार आपण होऊन कशाला लादावा?

त्यानंतर ओढून काढण्याची साधने. पुढे-मागे चासीलाच बोल्टने बसविलेले भक्कम हुक, योग्य क्षमतेचा पट्टा, दोन शॅकल, फावडे, हवा भरण्याचा पंप आणि दाबमापक एवढे बहुतेक प्रसंगी पुरते. पट्टा बंपरला किंवा अॅक्सलच्या नळीला कदापि अडकवू नये, आणि ओढताना माणसांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे करावे. तुटलेला हुक प्राणघातक वेगाने उडतो. दोन गाड्या बरोबर असतील तर विंचची आवश्यकता मला वाटत नाही.

विजेच्या कामात काटकसर करू नये. १२ व्होल्टवर १२० वॅटची दिव्यांची जोडी १० अँपिअर ओढते. ती जुन्या वायरींवर जोडली तर प्रथम स्विच आणि मग वायर वितळते. प्रत्येक नव्या जोडणीला रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. रात्री न चालविण्याचा नियम केला तर जादा दिव्यांची गरजच उरत नाही, आणि डोंगरी मुलुखात तो नियम सर्वांनीच करावा.

निजण्यासाठी मागील भागात प्लायवुडची पेटी अवश्य बसवावी, परंतु ती चार बोल्ट सोडून बाहेर काढता येईल अशी. बंद गाडीत शेगडी कधीही पेटवू नये.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आशय असा की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूलतः निर्दिष्ट केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यवहारात त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे घ्यावा.

- अर्जाविना करता येईल: झिजलेल्या भागांच्या जागी त्याच मापाचे व बनावटीचे भाग, मूळ मापाचे टायर, आतील पेट्या, जाळ्या, आसनांची आच्छादने.
- परिवहन कचेरीच्या पूर्वमंजुरीने करता येईल: इंजिन बदलणे, मान्यताप्राप्त संचाने इंधनाचा प्रकार बदलणे, रंग बदलणे. इंजिनाची खरेदीपावती हवीच, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेचे संमतिपत्रही. झालेला बदल १४ दिवसांच्या आत प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यावा.
- करूच नये: चासी कापणे वा लांबविणे, नोंदीहून अधिक आसने, काचांवर काळी फिल्म, अनेक सुरांचे हॉर्न, मडगार्डच्या बाहेर येणारी चाके, आणि पुढील लोखंडी बुलबार, ज्याविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले आहेत.

काही विशेष प्रकरणे ध्यानात ठेवावीत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी योग्यता तपासून तिचे नूतनीकरण होते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. हे नूतनीकरण बदल करण्यापूर्वी, गाडी मूळ रूपात असतानाच करून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनालाही उच्च सुरक्षा क्रमांकपाटी आवश्यक आहे. ५० वर्षांहून जुनी जीप विंटेज म्हणून नोंदविण्याची सोय २०२१ पासून झाली आहे; परंतु तशी नोंद केलेले वाहन नित्याच्या प्रवासासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून लडाखला जाण्याचा बेत असेल तर त्या सवलतीच्या मागे लागू नये. सैन्याच्या लिलावातील जिप्सी घेताना लिलावाचे विक्रीपत्र मूळ स्वरूपात ताब्यात घ्यावे. आणि कोणतीही जुनी जीप घेताना चासी क्रमांक स्वतः घासून, कागदावर उतरवून, प्रमाणपत्राशी त्याची रुजवात घालावी. अनेक गाड्यांचे भाग जोडून उभ्या केलेल्या जीपांचा व्यापार आजही चालतो, आणि पुन्हा ठोकलेला क्रमांक पकडला गेला तर गाडी खरेदीदाराच्या हातून जाते.

इंधनाबाबत पेट्रोलियम अधिनियम, १९३४ ची मर्यादा पाळावी: विक्रीसाठी नसलेले पेट्रोल अनुज्ञप्तीवाचून एकूण ३० लिटरांपर्यंतच बाळगता येते, आणि तेही प्रत्येकी २५ लिटरांपर्यंतच्या घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यांत. गाडीची टाकी यात धरली जात नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नये.

परिवहन कचेरीने आपला अर्ज नाकारला तर लेखी आदेश मागून घ्यावा. कलम ५७ अन्वये आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करण्याचा आपणास हक्क आहे, आणि तोंडी नकारावर अपील होत नाही. प्रवासात तपासणी झाली तर डिजीलॉकर वा एमपरिवहनमधील कागदपत्रे ग्राह्य आहेत. तथापि लडाखात मोबाइलचे जाळे नसलेल्या जागा पुष्कळ असल्याने मूळ कागद जवळ असलेले बरे.

विमा

त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहेच. परंतु जुन्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देण्यास काही कंपन्या अनुत्सुक असतात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य उभयतांच्या संमतीने ठरते, तेव्हा दुरुस्तीच्या पावत्या आणि छायाचित्रे पुढे ठेवून ते वाजवी ठरवून घ्यावे. बसविलेल्या प्रत्येक साधनाची किमतीसह लेखी माहिती कंपनीस द्यावी. न कळविलेला फेरफार हे दावा नाकारण्याचे सर्वांत सुलभ कारण ठरते. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे, नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.

गॅरेजशी व्यवहार

जुन्या जीपांची कामे तोंडी विश्वासावर चालतात. मिस्त्री जाणता असला की त्या विश्वासाला बहुधा धक्का लागत नाही; पण एखादे काम अंगाशी आले तर कागदावाचून आपली बाजू लंगडी पडते. म्हणून:

- कामाची यादी, अंदाजित खर्च आणि मुदत लेखी घ्यावी;
- आगाऊ रकमेची पावती घ्यावी आणि ती रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी;
- काढलेले जुने भाग परत मागावेत, ते आपल्या मालकीचे आहेत;
- इंजिन वा गिअरबॉक्स उघडला असताना स्वतः हजर राहून छायाचित्रे काढावीत.

सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

निघण्यापूर्वीची चाचणी

नव्याने बांधलेली गाडी घेऊन थेट उत्तरेस निघण्याचे धाडस करू नये. किमान एक हजार किलोमीटरांची चाचणी पूर्ण सामानानिशी, ठरलेल्या माणसांनिशी घ्यावी. पुण्याच्या वाचकांना वरंध आणि ताम्हिणी, नाशिककरांना भंडारदरा आणि माळशेज हे घाट त्यासाठी उत्तम आहेत. चढणीवर तापमानाचा काटा आणि उतारावर ब्रेकांचा वास, या दोहोंकडे सारखेच लक्ष असावे. एक रात्र गाडीतच काढावी, म्हणजे अनावश्यक सामान कोणते ते कळते. परतल्यावर प्रत्येक बोल्ट आवळावा, तेलाच्या गळत्या पाहाव्यात, आणि त्यानंतर कोणताही नवा बदल करू नये.

सोबत न्यावयाच्या सुट्या भागांत फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबल, इंधनपंप, व्हील बेअरिंगचा एक संच, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट, फ्यूज, इंजिन ऑइल व ब्रेक ऑइल एवढे असावे. पेट्रोल गाडीसाठी प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंटही. मनाली-लेह मार्गावरील नाले बर्फ वितळू लागल्यावर दुपारी फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडावेत, आणि पाण्यात शिरण्यापूर्वी पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्यूटर रबरी आवरणाने झाकून घ्यावा.